भागूमायचं पाणी

“आतूनही धुतेस का गं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“रोज,” मी ताठ मानेने सांगितलं. “कधी कधी दोनदा.”

मला वाटलं, बाई शाबासकी देतील. त्यांनी हातमोजे काढून बादलीत टाकले आणि माझ्याकडे असं बघितलं, की माझी मान आपोआप खाली गेली.

“कशाने धुतेस?”

“कडुलिंबाचा पाला उकळायचा, त्यात तुरटी. आणि ते औषध नसतं का, पाण्यात टाकलं की पांढरं होतं, ते झाकणभर. सासू करून देते. रबरी पिचकारी आहे आमच्याकडे.”

“अगं देवा,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी कुंदा चोगले. बंदरावर म्हावरं विकते. तोंडाने मी फटकळ, हे कुणीही सांगेल. लिलावात माझ्याशी हुज्जत घालायची तर दलालसुद्धा आधी पाणी पिऊन येतो. पण कमरेखालचं काही सांगायचं म्हटलं की माझी ही जीभ टाळूला चिकटायची. दोन महिने मी अंगावर काढलं. पांढरं पातळ जात होतं आणि वास येत होता. पाचवा महिना लागला होता, म्हणून घरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं निमित्त सांगितलं आणि एकटीच तालुक्याला बर्वे डॉक्टरीणबाईंकडे आले.

“वास कसला येतो? म्हणजे...” बाई बोलता बोलता थांबल्या. “दुसरी कोण असती तर विचारलं असतं, मासळीसारखा येतो का. तुला काय विचारू?”

“तसाच येतो,” मी म्हटलं. “पण बाई, आमच्या उशीलासुद्धा मासळीचा वास आहे. मला वाटलं, इतकी वर्षं विकतेय, म्हावरं अंगात मुरलं असेल. म्हणून जास्त धुवायला लागले.”

बाई हसल्या नाहीत. “मागचं बाळंतपण कधीचं?”

“दीड वर्ष झालं. सातव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगा होता. संध्याकाळपर्यंत होता.”

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग त्यांनी मला सगळं नीट समजावलं, अगदी पोरीला पाढे शिकवावेत तसं.

“हे बघ कुंदा, प्रत्येक बाईच्या आत चांगले जंतू असतात. दह्यात असतात ना, त्यांच्याच जातीचे. ते आतली जागा जराशी आंबट ठेवतात, त्या आंबटपणात वाईट जंतूंचं फारसं चालत नाही. तू रोज तुरटी नि औषध घालून ते धुऊन काढलंस. मग वाईट माजले. हा वास त्यांचा आहे, मासळीचा नाही. मी गोळ्या देते, पोटातल्या बाळाला चालतात त्या. वाईट जंतू मरतील. पण खरं काम त्यानंतर आहे.”

“कसलं काम?”

“काही न करण्याचं. विरजण लावलेलं भांडं कोणी ढवळत बसतं का? झाकून ठेवतो आपण. तसंच हे. चांगले जंतू आपोआप परत येतात, पण त्यांना येऊ द्यायला हवं. आत पाणी नाही, पाला नाही, साबण नाही, काही म्हणजे काही नाही. बाहेरून साध्या पाण्याने धू, बस.”

“मग दही लावू का आत?”

“खा की वाटीभर. लावायचं काही नाही. चांगल्या जंतूंच्या गोळ्याही मिळतात, पण त्यांच्यावर मी भिस्त ठेवणार नाही. तू धुणं थांबवलंस तर निम्मी लढाई जिंकलीस.”

मी दारापर्यंत गेले आणि परत वळले. “बाई, मागचं पोर यानेच गेलं का?”

“ते मला सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा आजार असला की वेळेआधी कळा यायची भीती वाढते, एवढं माहीत आहे. म्हणून या खेपेला आपण जपायचं.”

एसटीत बसले आणि पोटावर हात ठेवला. या खेपेला हे पोर मला हवं होतं. नऊ महिने भरलेलं, रडणारं, दूध पिणारं हवं होतं. त्यासाठी बाईंनी सांगितलं असतं तर मी बाजारात तोंड शिवून बसले असते. पण त्यांनी सांगितलं होतं त्याहून अवघड. मला सासूने तापवलेलं पाणी नको म्हणायचं होतं.

माझी सासू भागीरथी. सगळं बंदर तिला भागूमाय म्हणायचं. काळीसावळी, उंच, कानात जड कुड्या, आणि म्हातारपणीही पाठ अशी सरळ की डोक्यावरची पाटी कधी हलली नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती तालुक्याच्या गल्ल्यांतून म्हावरं विकायला जायची. एका घरी तिला पाणी द्यायला आलेली नवी सून नाकाला पदर लावून मागे सरली. भागूमाय पाणी न पिता घरी आली आणि अंग घासत बसली, रक्त येईपर्यंत. मग गावातल्या सुईणीने तिला हे पाणी शिकवलं. तेव्हापासून ती अभिमानाने सांगायची, “आमच्या घरच्या बाईला वास येत नाय.” लग्नकार्यात बायका मुद्दाम तिच्याजवळ येऊन बसायच्या, आणि तिने अर्ध्या बंदराला ते पाणी शिकवलं.

मला आई नव्हती. मी सात वर्षांची असताना गेली. लग्नानंतर पहिल्या बाजाराहून आले तर भागूमायने मोरीत पाट ठेवला होता. माझे हात लिंबाने चोळले, केस धुतले, आणि ते पाणी कसं वापरायचं ते हळू आवाजात, लाजत सांगितलं. इतक्या मायेने मला त्याआधी कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. आणि माझं पोर गेलं तेव्हा ती माझ्या उशाशी बसून म्हणाली होती, “कुठेतरी घाण राहिली गो आत. म्हणून पोर राहिलं नाय.” त्या दिवसापासून तिने सकाळ-संध्याकाळ पाणी तापवायला सुरुवात केली. आता बोला. अशा बाईला जाऊन काय सांगू?

नाही सांगितलं. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. ती पाणी आणून मोरीत ठेवायची, मी कडी लावायची, आणि मागच्या झरोक्यातून ते बाहेर ओतून द्यायची. नवरा समुद्रावर. जनार्दन मोठी बोट चालवणारा तांडेल होता, आला की चार दिवस झोपायचा आणि परत जायचा. त्याला यातलं काही सांगावं असं मला वाटलं नाही, आणि सांगितलं असतं तर तो लाजून बोटीवर आधीच गेला असता.

गोळ्या संपल्या. पांढरं जायचं थांबलं, वासही गेला. पण माझ्या मनातून जाईना. रोज वाटायचं, आज परत आला की काय. बाजारात शेजारची कुणी जरा सरकली की मी पदर हुंगून बघायची. कितीदा पिचकारीकडे हात गेला. आपली लाज राखायला जे इतकी वर्षं केलं ते सोडून नुसतं बसायचं, हे किती कठीण असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी स्वतःलाच शिव्या घालायची, “गप बस कुंदे, भांडं ढवळू नको.”

सातवा महिना लागला आणि झरोक्याखालचं अळू जळलं.

भागूमायने वडीसाठी पानं काढायला विळा घेतला आणि मागे गेली. बराच वेळ आली नाही. मग तिची हाक आली, “कुंदे, इकडे ये.”

हातभर अळवाचं रान होतं तिथे. निम्मं पिवळं पडून झोपलं होतं, कडेची पानं काळी. ती वाकली, माती उचलून नाकाशी नेली.

“हे माझं पाणी हाय,” ती म्हणाली.

मी काळी पडलेली पानं पायाने बाजूला सारली.

“रोज ओततेस?”

“रोज.”

“कधीपासून?”

“पाचव्यापासून.”

“दोन महिने!” ती ओरडली. “दोन महिने मी धुरात डोळे फोडून पाणी तापवतेय आणि तू गटारात ओततेस? अगो, पोटात पोर हाय तुझ्या! एक गेलं ते कमी झालं? आणि आत घाण साठवत बसलीस?”

“घाण नाही आये. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, धुवायचं नाही.”

“डॉक्टरीण कोण माझ्या घरची?”

“तुझ्या घरचं पोर वाचवतेय ती!” माझा पण तोल गेला. शेवटी मी पण बंदरावरचीच. “अळवाचं काय झालं बघ! अळू सहन करीना, आणि मी ते आत घालायचं?”

तिने विळा खाली टाकला. मला वाटलं मारते आता. पण ती मटकन पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके द्यायला लागली. “हे पण जाणार,” ती म्हणत होती. “सातवा लागला गो. हे पण जाणार माझं.”

त्या क्षणी मला कळलं, की आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी भांडतोय. मी तिच्या पुढ्यात बसले. “आये, तू माझ्याबरोबर चल. डॉक्टरीणबाईला जे बोलायचं ते तिच्या तोंडावर बोल. ती चुकली असं वाटलं तर मी तुझ्या हातचं पाणी घेईन.”

दुसऱ्या दिवशी भागूमाय नवं लुगडं नेसली, केसांत अबोली माळली आणि भांडायला निघाली. दवाखान्यात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, “माझ्या सुनेला घाण राहायला कोणी शिकवलं?”

“मी,” बर्वेबाई म्हणाल्या. “बसा.”

अशी उत्तर देणारी बाई तिला बऱ्याच दिवसांत भेटली नव्हती. बसली.

बाईंनी मला तपासलं. कापसाच्या काडीने आतला थेंबभर ओलावा घेतला, काचेच्या पट्टीवर लावला आणि खिडकीतल्या जंतू बघायच्या दुर्बिणीखाली ठेवला. त्या वाकून बघत राहिल्या. भागूमाय कुड्या हलवत, ओठ घट्ट मिटून बसलेली. माझ्या मनात एकच, परत आलं असेल तर? मग सातव्या महिन्यात पुन्हा तेच, तोच पलंग, तीच संध्याकाळ.

“आले गं,” बाई म्हणाल्या. “आले परत. मावशी, इकडे या. एक डोळा मिटा आणि बघा.”

भागूमाय उठली, वाकली. कितीतरी वेळ तिला काही दिसेना. बाईंनी चाक फिरवलं.

“काड्या दिसतात,” ती म्हणाली. “बारीक काड्या.”

“तेच चांगले जंतू. हे राखण करतात. दोन महिन्यांपूर्वी याच सुनेच्या पट्टीवर यातला एक दिसत नव्हता. सगळे वाईट होते.”

“हे जिते हायत?”

“जिते आहेत.”

भागूमाय डोळा काढीना. तशीच वाकलेली, पाठ माझ्याकडे. “आणि माझ्या पाण्याने हे मरतात?”

“मरतात. काही वाहून जातात.”

“आणि हे नसले की पोर लवकर येतं?”

“तशी भीती वाढते. प्रत्येकीला होतंच असं नाही. कितीतरी बायकांना काही होत नाही.”

ती सरळ झाली. डोळ्याभोवती दुर्बिणीचा ठसा उमटला होता. तिने पदर सावरला, आणि मला इतक्या वर्षांत एकदाही न सांगितलेली गोष्ट त्या परक्या बाईला सांगितली.

“माझे तीन गेले. जनार्दनच्या आधी दोन, नंतर एक. तिन्ही सातव्यातले.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. घरात कुणी कधी शब्दाने बोललं नव्हतं. मला वाटायचं जनार्दन एकटाच, देवाने एकच दिला.

“जनार्दनच्या वेळी पाचव्यातच माहेरी गेले होते,” ती हळूहळू बोलत होती. “पाय सुजले होते. माझी आई म्हणायची, काय रोज उठून पाणी तापवतेस, गप पडून राहा. तिने तापवूच दिलं नाय मला. तो एकटा पुऱ्या दिवसांचा झाला.”

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता.

“डॉक्टरीणबाई,” भागूमायने विचारलं, “माझे तिघं मीच मारले का?”

बर्वेबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. “मावशी, सातव्यात बाळ जायला शंभर कारणं असतात. अशक्तपणा, ताप, पिशवीचं तोंड सैल असणं. तुमच्या वेळी कुणी तपासलं नाही, आता मी सांगू शकत नाही. यानेच गेले असं म्हणणं खोटं होईल.”

“यानं नाय गेले असं म्हणाल?”

बाईंनी तिचा हात धरला. तेसुद्धा त्या म्हणू शकल्या नाहीत.

स्टँडवर गाडीला वेळ होता. भागूमाय बाकड्यावर ताठ बसली होती, अबोली सुकून खांद्यावर आली होती. मी चहा आणला. तिने घेतला नाही.

“एकवीरेला काय काय बोलले गो मी,” ती एकाएकी म्हणाली. “तीनदा. रांड म्हटलं तिला. माझी पोरं खाल्लीस म्हटलं. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

“आये, बाई म्हणाल्या ना, सांगता येत नाही.”

“बाई चांगली हाय. म्हणून तसं बोलली.”

मला रडू फुटलं. स्टँडवरच्या बायका बघत होत्या, बघू देत. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हटलं, “आये, तुला कुणी सांगितलं नाही गो. कुणीच सांगितलं नाही.” तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण तो हात तिचा वाटेना. त्यात जोरच नव्हता.

त्यानंतर पाणी तापलं नाही. ज्या ज्या घरी तिने ते शिकवलं होतं, तिथे तिथे ती स्वतः गेली. काय सांगितलं ते मला माहीत नाही. काहींनी तिची टर उडवली म्हणे, “म्हातारीला आता घाण आवडायला लागली.” माझ्या कानावर आलं तेव्हा मी त्या बाईच्या ओट्यावर जाऊन तिला असं सुनावलं, की तिने महिनाभर आमच्याकडून बोंबील घेतले नाहीत. पण भागूमाय कुणाला उलटून बोलली नाही. जिने आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ती ऐकून घेऊन घरी यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

मला तिने बाजाराला जाऊ दिलं नाही. पाटी स्वतः घेतली. सकाळी निघताना मला वाटीभर दही द्यायची आणि विचारायची, “बरं हाय ना गो?” संध्याकाळी आली की दारातूनच परत तेच. बाईंकडे दर खेपेला ती बरोबर यायची, पण आत येत नसे. बाहेर बाकड्यावर बसून माझं तोंड वाचायची.

सातवा सरला. आठवा सरला. मी मोजायला घाबरायची. नववा पुरता भरला तेव्हा कुठे माझ्या कंबरेत कळ आली. जनार्दन बोटीवरच होता. भागूमायने रिक्षा आणली आणि वाटेत खड्डा आला की माझ्या पोटाखाली हात धरायची.

मुलगी झाली. झाल्या झाल्या असा टाहो फोडला पोरीने, की बर्वेबाई म्हणाल्या, “ही लिलावाला उभी राहणार.” मला हसायचंही त्राण नव्हतं. नर्सने तिला पुसून, गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं आणि दार उघडून सासूला आत बोलावलं.

भागूमाय दारात आली आणि तिथेच थांबली. मला वाटलं धावत येईल, पोर ओढून घेईल, नाक कोणाचं, रंग कोणाचा ते ठरवून टाकेल. ती हलली नाही. हात पदरात गुंडाळलेले.

“कुंदे,” ती म्हणाली, “मी घेऊ का गो हिला?”

या बाईने जन्मात कुणाची परवानगी मागितली नव्हती. “घे की आये,” म्हटलं. “तुझीच हाय.”

तिने घेतली. खिडकीशी उजेडात नेली. दुपटं जरासं सोडवलं, पाय बघितले, मग एक चिमुकली मूठ आपल्या काळ्या बोटांनी हळूच उलगडली. बराच वेळ ती त्या हाताकडे बघत होती.

“नखं किती वाढलीत गो हिची,” ती म्हणाली. “त्या तिघांत एकाचीही धड आली नव्हती.”